मुक्काम बोर्टनला करावा की स्वॉनेजला? (मदत हवी आहे)

सातूचेपीठ
ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील रेडिंगहून थोड्या दिवसांसाठी बाहेर पडायचे आहे. एकाच ठिकाणी खोली घेऊन तेथून आसपास फिरायचे, एवढे ठरले आहे. एकीकडे कॉट्सवोल्ड्समधील बोर्टन-ऑन-द-वॉटर आणि दुसरीकडे डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील स्वॉनेज, या दोन नावांवर आठवडाभर अडकलो आहे. खोल्यांचे दर रोज बदलत असल्याने आज रात्रीच आरक्षण करायचे आहे. कृपया एकच नाव सांगावे. "दोन्ही छान आहेत" हे उत्तर नको.

पायवाट
किती रात्री, किती माणसे, आणि गाडी आहे का? बोर्टनला रेल्वे स्थानक नाही आणि स्वॉनेजला जायचे तर वेअरहॅमला उतरून बस धरावी लागते, त्यामुळे हे कळल्याशिवाय कोणतेही नाव सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

उत्तरवारा
दोन्ही सोडा आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावरील व्हिटबीला जा. मठाचे भग्नावशेष, बंदर आणि तेथपर्यंत चढणाऱ्या १९९ पायऱ्या, असे दृश्य दक्षिणेत कोठेही नाही.

सातूचेपीठ
मी दोनच गावांबद्दल विचारले होते. तीन रात्री, मी, पत्नी आणि आई. गाडी नाही. आईचे वय ७४ असून तिचे गुडघे दुखतात, तेव्हा १९९ पायऱ्यांचा प्रश्नच येत नाही.

चारचाकी
भारतीय परवान्यावर पाहुण्यांना तेथे वर्षभर गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडूनच असते. भाड्याची गाडी घ्या, म्हणजे मुक्काम कोठे करावा हा प्रश्नच उरणार नाही.

पायवाट
प्रश्न उरतोच. दोन्ही बाजूंना कुंपण असलेल्या एकेरी रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की नवख्या माणसाला गाडी पाव मैल मागे घ्यावी लागते. सातूचेपीठ, गाडी नसेल तर बोर्टनऐवजी मोरेटन-इन-मार्शला उतरा. रेडिंगहून थेट रेल्वेगाडी आहे, साधारण सव्वा तास लागतो, आणि गावाचा मुख्य रस्ता रुंद व सपाट आहे. तेथून ८०१ क्रमांकाची बस स्टो आणि बोर्टनमार्गे चेल्टनहॅमला जाते. बहुतेक स्थानिक बसचे एकेरी भाडे सध्या ३ पौंडांच्या वर जात नाही. आम्ही बोर्टनला राहिलो होतो तेव्हा संध्याकाळची शेवटची बस गेली आणि टॅक्सीसाठी सात ठिकाणी फोन करावे लागले. दिवसभर पर्यटकांनी फुललेले ते गाव सहा वाजता अगदी सामसूम होते. विंडरश नदीवरचे ते बुटके पूल पाहायला दोन तास पुरतात.

खारेवारे
पण जुरासिक किनाऱ्याला २००१ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, तो सोडून मेंढ्या पाहायला कोण जाते? स्वॉनेजचा किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट आहे आणि कॉर्फ कॅसलला वाफेच्या इंजिनाची गाडी जाते.

पायवाट
ती गाडी ऑक्टोबरमध्ये रोज धावेलच असे नाही, वेळापत्रक पाहूनच जावे. शिवाय लोक जी दगडी कमान पाहायला जातात त्या डर्डल डोअरचा उतार आणि पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत; जवळच्या लल्वर्थ कोव्ह या छोट्या खाडीपर्यंत मात्र आईंना सहज जाता येईल.

दिवेलागण
ऑक्टोबरचा नेमका कोणता आठवडा? शेवटच्या आठवड्यात तेथील बहुतेक शाळांना सुटी असते, त्यामुळे खोल्या महागतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो.

सातूचेपीठ
शेवटचाच आठवडा धरला होता, शुक्रवार ते सोमवार. दर रोज का वाढतात ते आत्ता कळले.

उत्तरवारा
स्टोनहेंजला जाणार असाल तर तिकिटे आधी काढून ठेवा.

दिवेलागण
स्टोनहेंजविषयी कोणी विचारलेले नाही. सातूचेपीठ, आपण तिघांची सोय पाहता आहात, पण काय पाहायचे आहे हे आईंना विचारले आहे का?

सातूचेपीठ
विचारले नव्हते, हे कबूल करतो. आई मूळची रत्नागिरीची, म्हणून तिला समुद्रच हवा असेल असे मी गृहीत धरले होते आणि स्वॉनेजचे नाव त्यामुळेच यादीत आले. आत्ता विचारले तर म्हणाली, "समुद्र भाट्याला जन्मभर पाहिला, त्यासाठी विमानात कशाला बसायचं? मला ती दगडी घरं आणि कुरणं दाखव."

खारेवारे
मग माझा वाद संपला. आईंना नमस्कार सांगा.

पायवाट
तर मग मोरेटनच घ्या, आणि शुक्रवार ते सोमवार नको, कारण रविवारी बस फारच कमी असतात. आठवडाभर आधी सोमवारी निघालात तर मंगळवारी गावातला आठवडी बाजारही मिळेल, आणि त्यासाठी आईंना बसमध्ये चढावेदेखील लागणार नाही.

सातूचेपीठ
सोमवार ते गुरुवार, मोरेटन, तळमजल्यावरची खोली. आरक्षण झाले. स्थानकापासून पाच मिनिटांवर आहे, असे यजमानीण बाई म्हणतात. आईच्या चालीने दहा धरतो.