तेरा वर्षांनी आलेला 'अवतार': तुम्ही कुठं बघितला, कसा बघितला?

तिसरा भागही येऊन गेला, खरं मी अजून दुसऱ्यातच अडकलोय. पहिला 'अवतार' डिसेंबर २००९ मध्ये आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दुसरा, 'द वे ऑफ वॉटर', १६ डिसेंबर २०२२ ला. मधल्या काळात दिग्दर्शक कॅमेरॉनसाहेबांनी तारखा इतक्या वेळा पुढं ढकलल्या की आमच्या कट्ट्यावर न फिटणाऱ्या उधारीलाच 'अवतार टू' म्हणायला लागले. "माझे पाचशे कधी देतोस गा?" "अवतार टू आला की." तो आला, पाचशे काही आले नाहीत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनी आपापलं लिहा, गावाच्या नावाखाली लावतो. कथा फुटली म्हणून कुणी रडू नये, एवढ्या दिवसांत बघितला नसेल तर ती ज्याची त्याची चूक.

माझं थोडक्यात. टिळकवाडीतनं स्वेटर घालून सकाळचा खेळ गाठला. पोरं पहिल्यांदा प्रवाळात उतरतात तिथं मी चष्मा काढून डोळे पुसले आणि वर परत थ्रीडीचा चष्मा चढवला. चष्म्यावर चष्मा, नाकाचे हाल. पाणी बघून पैसे फिटले. खरं पहिल्या भागात बाण खाऊन मेलेला कर्नल तिथल्या निळ्या लोकांसारखा निळा होऊन परत येतो, ते मला आजही पटलेलं नाही. तेरा वर्षं होती की हो, नवा खलनायक शोधायला!

येळ्ळूर

आमच्याकडं तेव्हा सुगी. भाताची मळणी चाललेली आणि पोती घरात आल्याशिवाय कुणी गावाबाहेर हलायचं नाही हा अण्णांचा दंडक. पहिला आठवडा तसाच गेला. मग रात्रीच्या खेळाची तिकिटं मिळाली ती नेमकी कन्नड. थोरली तेव्हा आठवीत, मराठी शाळेतली. ती म्हणाली, "बाबा, चला की, मी सांगतो तुम्हाला."

आता माझं कन्नड म्हणजे रविवार पेठेतलं. दर विचारायचा, हमालाला हाक मारायची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'री' लावून मोकळं व्हायचं. पडद्यावरचं कन्नड बेंगळुरूकडचं, पुस्तकी. एकाही निळ्या माणसाच्या तोंडी 'री' नाही! पहिला अर्धा तास मी नुसता झाडं बघत बसलो. पोरगी कानात कुजबुजायची, मागचे शुक्-शुक् करायचे.

मग सिनेमातलं ते निळं कुटुंब जंगल सोडून समुद्रकाठच्या लोकांत जातं. शेपट्या बारीक, हात बारीक म्हणून तिथली पोरं यांना हसतात. श्वास कसा धरायचा इथपासून शिकायला लागतं. पोरगी तिथं कुजबुजायची थांबली. मीही विचारलं नाही. चौथीत तिला कन्नडच्या तासाला 'ळ' आणि 'ल' वरनं हसले होते, ते तिनं घरी येऊन सांगितलेलं माझ्या लक्षात होतं.

पहिला भाग कन्नडात नव्हताच, हे नंतर एका सिनेमावेड्या मित्रानं सांगितलं. कन्नड चित्रपटवाल्यांनी डबिंगला कित्येक वर्षं दार लावून ठेवलेलं. २०१५ मध्ये केंद्राच्या स्पर्धा आयोगाचा निकाल आला आणि ते किलकिलं झालं. म्हणून २०२२ ला इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, मलयाळम, कन्नड. मराठी नाही. असो, तो विषय काढला तर सकाळ होईल.

पडद्यावरचा थोरला मुलगा मरतो तिथं मला एक शब्द कळला नाही आणि एक शब्द लागलाही नाही.

निपाणी

मी कोल्हापूरला गेलो होतो बघायला. (हो, बाईच लिहितोय. आमच्याकडं बायका 'गेलो-आलो'च म्हणतात, पुण्याच्या लोकांनी शुद्धलेखन काढू नये.) तारीख १९ डिसेंबर २०२२. भाच्यांना शब्द दिलेला, तिकिटं काढलेली, आणि त्याच दिवशी बेळगावात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन सुरू. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या मराठी मंडळींच्या महामेळाव्याला परवानगी नाही, महाराष्ट्रातले पुढारी येणार म्हणून सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ही पोलिसांची रांग. जाताना काही झालं नाही, उशीर तेवढा झाला. सुरुवातीची पंधरा मिनिटं बुडाली.

येताना अडवलं. "कुठनं आलात?" पिक्चर बघून. "कुठला?" अवतार. पोलीसदादानं आत टॉर्च मारली तर धाकटा भाचा काळा थ्रीडी चष्मा लावून बसलेला! परत द्यायचा चष्मा त्यानं खिशात घालून आणलेला, आणि कर्नाटकाची सीमा थ्रीडीत कशी दिसते ते बघत होता. दादा हसले, म्हणाले, "होग्री होग्री," म्हणजे जावा जावा. चष्मा अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. पिक्चरबद्दल काय लिहू? तो वाळीत टाकलेला मोठा मासा, पायाकान, तेवढा आवडला.

खानापूर

तीन तास बारा मिनिटं. वर मध्यंतर, वर जाहिराती. शेवटची बस चुकली, मित्राच्या खोलीवर थंडीत कुडकुडत झोपलो. पहिला भाग मी पाच वेळा बघितलेला. हा एकदाच.

शहापूर, सध्या बेंगळुरू

पहिल्याच दिवशी आयमॅक्सला बघितला. काही दृश्यं सेकंदाला अठ्ठेचाळीस चौकटींची, म्हणजे नेहमीच्या दुप्पट, आहेत. पाण्याखाली ते झकास वाटतं, खरं जमिनीवर माणसं बोलायला लागली की मध्येच टीव्हीवरची मालिका लागल्यासारखं गुळगुळीत. माझा मूड गेला.

नाताळला गावी आलो आणि आईला घेऊन परत बघितला, हिंदीत. आईचं वय तेव्हा एकाहत्तर. तिला त्या निळ्या कुटुंबातली किरी आवडली, "ही पोर गुणाची आहे." मी सांगितलं, ती पोर नव्हे, सिगर्नी वीव्हर, १९४९ सालची, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. कॅमेऱ्यापुढं तिनंच अभिनय केला आणि वर चेहरा चढवला चौदा वर्षांच्या मुलीचा. आईनं पडद्याकडं बघत नुसतं "हूं" केलं. पुढची दहा मिनिटं बारीक नजरेनं किरीच्या मानेवर सुरकुत्या शोधत होती.

मग माणसं त्या देवमाशांसारख्या तुलकुनांना मारून मेंदूतला रस काढतात, म्हातारपण थांबवायला. त्या रसाचं नाव अम्रिता. आईनं माझा दंड धरला.

"अमृत म्हणतोय काय रे तो?"

"हो."

"समुद्रातनं काढलेलं?"

"हो गं."

"म्हणजे अवतार झाला, समुद्र झाला, अमृत निघालं." तिनं चष्मा कपाळावर ढकलला. "आता मोहिनी कुठल्या भागात येणार आहे ते बघून ठेव. तेरा वर्षं नाही थांबायचो मी."