धम्माचं शिक्षण, धम्माच्या परीक्षा : तुमचे अनुभव लिहा

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, लागला की विहारात ग्रंथवाचन सुरू होतं. मग मुलांच्या धम्म परीक्षा, श्रामणेर (काही दिवसांपुरतं भिक्खूसारखं राहण्याची) शिबिरं, बौद्धाचार्य (घरोघरी बौद्ध विधी लावणारे) प्रशिक्षणाचे फॉर्म. यातलं काही ना काही आपल्यापैकी अनेकांनी केलंय. प्रमाणपत्रांचे फोटो नकोत. काय शिकवलं, काय विचारलं आणि पुढे ते कुठे कामी आलं, ते सांगा. तक्रारीही चालतील.

रविवारच्या वर्गाच्या ताई
आमची मुलं त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा एका दमात म्हणतात. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर : सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी, प्रेत हे उत्तर मुलं गोष्टीच्या पुस्तकांतून आणि टीव्हीवरून घेऊन येतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ते मानलेलं नाही. जे रोज डोळ्यांसमोर घडतं ते एकोणतीस वर्षांच्या माणसाने आधी पाहिलंच नसेल, हे पटण्याजोगं नाही, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांचं भांडण होतं, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोधात उभा राहतो आणि परिव्रज्या घेतो, म्हणजे घर सोडून संन्यासी होतो.

सातवीतल्या एका मुलीने दोन्ही उत्तरं लिहिली आणि खाली जोडलं, 'मला पाण्याचं खरं वाटतं. आमच्या नळावर पण होतात भांडणं.' मी पैकीच्या पैकी दिले. नमुना उत्तराप्रमाणे एकच उत्तर हवं होतं, म्हणून वरच्यांनी अर्धे कापले. अजून राग आहे.

श्रामणेर शिबिर केलेला
दहा दिवस. मुंडण, चीवर (भिक्खूंचं वस्त्र), दहा शीलं, दुपारी बारानंतर जेवण नाही. भुकेचं काही वाटलं नाही, चीवर नेसताना मात्र पार फजिती. परीक्षा अशी नव्हती, पण भंतेजी चालता चालता अष्टांगिक मार्गातलं एखादं अंग विचारायचे. त्याचाच धाक जास्त.

बौद्धाचार्य
लेखी पेपर सोपा गेला. तोंडीत मंगल परिणयाचा, म्हणजे लग्नाचा विधी करून दाखवायचा होता, बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा क्रमाने म्हणायच्या होत्या, तेही जमलं. खरी तोंडी परीक्षा झाली एका पुण्यानुमोदनाला, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या विधीला. गाथा संपल्या, प्रवचन झालं आणि घरातल्या आजींनी हळूच विचारलं, 'कावळ्याला ठेवायचं का?' सहावी प्रतिज्ञा मला पाठ : श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. पण नुकतंच माणूस गेलेल्या घरात ती तोंडावर फेकायची कशी? म्हटलं, आजी, आबांना जे आवडायचं ते एखाद्या उपाशी पोराला जेवू घाला. त्या म्हणाल्या, 'घालते. पण उरलेलं कावळ्यानं खाल्लं तर हाकलायचं का?' याचं उत्तर कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. नका हाकलू म्हणालो.

पालीवाली
दहावीत पाली घेतली ती निव्वळ मार्कांसाठी, खोटं कशाला बोलू. विभक्त्या घोकता घोकता एकदा वंदनेत उभी असताना गाथा आपोआप उलगडायला लागली. तेव्हापासून सोडली नाही, एम. ए.पर्यंत गेले. स्पर्धा परीक्षेतही हाच विषय घ्यायचं ठरलं होतं, पण २०१३ला यूपीएससीने मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली काढली. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा मिळाला. आनंद झाला, पेढेही वाटले. विषय मात्र त्या यादीत परत आला असता तर जास्त वाटले असते.

एक पालक
पालीवाल्या ताई, माझा मुलगा महामंगलसुत्त (उत्तम मंगल कशात आहे ते सांगणाऱ्या पाली गाथा) चालीवर झकास म्हणतो. अर्थ विचारला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागतो. काय करू?

रविवारच्या वर्गाच्या ताई
मधेच बोलते. एका वेळी एकच गाथा घ्या. आईबापाची सेवा, बायकामुलांचा सांभाळ असं सांगणारी गाथा आहे ना, तिथून सुरुवात करा. घरातलीच उदाहरणं सापडतात, आणि मुलं आपल्यालाच गुण द्यायला लागतात. तयारी ठेवा.