म्हणे २७ इंची ६० हर्ट्झ घ्या!

निशाचर: कमी बजेटच्या गेमिंग मॉनिटरबद्दल कालची पोस्ट वाचली. "१४४ हर्ट्झ म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा २७ इंची १०८०पी ६० हर्ट्झ घ्या." राहवलं नाही. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ ला जेमतेम ७. आणि २७ इंचावर १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपके) म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, २४ इंचावर ९२. रोज जवळ बसून बघायचंय, अक्षरांच्या कडा टोचतात. मोठा पडदा दिसला की नवखा माणूस भुलतो, म्हणून इतकं लिहितोय.

उंबरठा: ती पोस्ट माझीच. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, नव्या गेममध्ये सेकंदाला ५० फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, वर जात नाही. मग १४४ हर्ट्झ काय पूजेला मांडू? सगळेच वेगवान गोळीबाराचे शूटर गेम खेळत नाहीत. आणि मित्राच्या १४४ वर तासभर बसून पाहिलंय, शष्प फरक नाही.

निशाचर: ५० फ्रेम येतात म्हणून तर म्हणतोय! साध्या ६० हर्ट्झवर व्ही-सिंक (पडद्याच्या ठेक्यावरच चित्र बदलायची सेटिंग) लावून ५० फ्रेम आल्या की काही चित्रं एकदा दिसतात, काही दोनदा, आणि गेम अडखळतो. फ्रीसिंकवाला पडदा कार्डाच्या चालीने चालतो, नवी फ्रेम आली की चित्र बदलतो. हे तंत्र एएमडी कंपनीचं, पण २०१९ पासून तिची स्पर्धक एनव्हिडियाची बरीच कार्डंही त्यावर चालतात. फक्त किती हर्ट्झपर्यंत तो खाली उतरतो ती मर्यादा बघून घ्या, बऱ्याच पडद्यांवर ती ४८ असते.

काजळी: हर्ट्झ राहू द्या, पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस की व्हीए ते आधी विचारा. खोक्यावरचं "१ मिलिसेकंद" (पिक्सेल रंग बदलायला घेतो तो वेळ) वाचून मी स्वस्तातला व्हीए आणला. अंधाऱ्या गुहेत मशाल घेऊन वळलो की प्रत्येक खांबामागे काळं शेपूट! ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी सेटिंग) वाढवला तर शेपूट पांढरं झालं. तीन आठवडे त्या मेन्यूत घालवले. परत घ्यायला विक्रेता तयार नाही, म्हणे हा दोष नाही.

चांदणवेल: सरसकट व्हीएला झोडपू नका. मी रात्री दिवा बंद करून खेळते. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) साधारण हजाराला एक, व्हीएचा तीन हजारांच्या आसपास. माझ्या आधीच्या आयपीएसवर काळं आकाश राखाडी दिसायचं आणि कोपरे उजळायचे. ते चालतं तुम्हाला?

काजळी: हो, चालतं. कोपरा उजळला तरी शत्रू दिसतो, शेपटात तो हरवतो.

चांदणवेल: मग तुम्हाला गेम नुसता जिंकायचाय, बघायचा नाहीये. प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच रडगाणं असतं.

काजळी: पैसे माझे गेलेत, रडणारच. नवा माणूस त्याच खड्ड्यात पडताना गप्प बसू?

मणका: स्टँडबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही! स्वस्त मॉनिटरचा स्टँड वर-खाली होत नाही. मी वर्षभर वाकून खेळलो, मानेने हिसका दाखवला. मागे व्हेसाची (ठरलेल्या मापाची, स्क्रूची) चार भोकं असतील तरच घ्या, पुढेमागे टेबलाला अडकवायचा हलता आर्म तरी लावता येतो. आणि ते एचडीआर ४०० चं (उजेड-काळोख जास्त खुलून दिसेल असं सांगणारं) लेबल विसरा. ते लेबल मिळवायला लोकल डिमिंग (पडद्यामागचा उजेड भागाभागाने मंद करणं) लागत नाही, म्हणून काळोख काही गडद होत नाही.

निशाचर: उंबरठा, एक विचारायचं राहिलं. मित्राच्या विंडोजमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे हेच हर्ट्झ, किती होता? नवा मॉनिटर जोडला की बऱ्याचदा ६० वरच राहतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावा लागतो.

उंबरठा: फोन केला. ६० वरच होता, घेतल्यापासून आठ महिने. जाऊन बदलून दिला आणि नुसता माउसचा बाण गोल फिरवून पाहिला. फरक आहे. फक्त "शष्प फरक नाही" एवढं मागे घेतो. २७ इंचाचं मागे घेत नाही, मी हातभर लांब बसतो आणि मला पिक्सेल दिसत नाहीत.

चांदणवेल: काजळी, तुमचा व्हीए कुठल्या साली आलेलं मॉडेल आहे ते सांगा. सगळे एका माळेचे मणी नसतात.

काजळी: सांगतो. पण दुसरा व्हीए मी घेणार नाही.