'कॅच अ फायर'ची नवी सीडी खरोखर सरस आहे का?

प्रश्न : बॉब मार्ली आणि द वेलर्स यांच्या १९७३ च्या 'कॅच अ फायर' या रेगे अल्बमची जुनी सीडी आणि २००१ ची दोन सीडींची डिलक्स आवृत्ती, अशा दोन्ही सध्या माझ्याकडे आहेत. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात असल्याने शेजारचे माग थांबल्यावरच ऐकणे जमते. नव्या आवृत्तीत बास भरदार वाटतो, पण तासाभरात कान शिणतात. शिवाय तिच्या पहिल्या सीडीवरील 'काँक्रीट जंगल'मध्ये तो प्रसिद्ध गिटारचा तुकडाच नाही. रीमास्टरिंगमध्ये (जुने ध्वनिमुद्रण नव्याने घडवताना) काही गफलत झाली असेल का?

उत्तर १ : गफलत नाही. ती पहिली सीडी म्हणजे जमैकात झालेले मूळ रूप आहे. आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेल यांनी पुढे लंडनमध्ये त्यावर वेन पर्किन्स यांची गिटार आणि रॅबिट बंड्रिक यांचे कीबोर्ड चढवले, आणि 'हाय टाइड ऑर लो टाइड' व 'ऑल डे ऑल नाइट' ही दोन गाणी वगळली. हा फरक मिक्सिंगचा, म्हणजे वाद्ये-आवाज एकत्र जुळवण्याचा आहे; मास्टरिंगचा, म्हणजे तयार मिश्रणावरच्या अखेरच्या संस्काराचा नव्हे. तुलना करायचीच तर जुन्या सीडीशी डिलक्सची दुसरी सीडी लावा.

उत्तर २ : त्याआधी दोन्हींची पातळी जुळवा, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला 'चांगला' वाटतो. दोन्हींच्या वेव्ह फाइल काढून सरासरी पातळी मोजा, मोठी असेल ती उतरवा आणि कोणती वाजते आहे हे न पाहता ऐका. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारे साधन) लावून शिखरे छाटली आणि हळू आवाजाचा भाग वर उचलला, तर कान शिणतात; ते पातळी जुळवल्यावरच कळेल. आणि स्पीकर कोपऱ्यात असतील तर बास फुगतोच. (भिंतीवर सोलापुरी चादर टांगून हा प्रश्न सुटत नाही, तिने फक्त वरच्या पट्टीतला घुमारा कमी होतो. मी स्वतः दोन चादरी वाया घालवल्या आहेत.)

प्रश्नकर्ता : स्पीकर कोपऱ्यातून दोन वीत पुढे ओढले, तर जुन्या सीडीतही वेलर्सचे बासवादक फॅमिली मॅन बॅरेट यांचा बास सुटा ऐकू येऊ लागला. पातळी जुळवून धाकट्या बहिणीला सीडी बदलायला बसवले. दहापैकी सहा वेळा नवी सीडी अचूक ओळखली.

उत्तर २ : सहा म्हणजे नाणे उडवल्यासारखेच झाले. वीस वेळा करून पाहा, बहीण तयार असेल तर.