ताप उतरला, कल्चर निगेटिव्ह, तरी अँटिबायोटिक चालूच का?

पायवाट:
धाकट्या भावाला ब्लड कॅन्सर आहे. पहिल्या केमोनंतर अकराव्या दिवशी रात्री दोन वाजता ताप ३८.४, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शंभरच्या खाली. सिस्टरने एकदा सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि एकदा हातातून कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, रक्त घेतलं आणि तासाच्या आत मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिक चालू झालं. त्या तासाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. तिसऱ्या दिवशी ताप गेला, कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, हा उठून बसला, जेवायला लागला, आणि तरी मेरोपेनेम सोळा दिवस, का तर पेशी अजून वर आल्या नाहीत. दुसऱ्या केमोला परत ताप, या वेळी रक्तात क्लेब्सिएला नावाचा जंतू, आणि रिपोर्टवर एकेका औषधापुढे नुसती आर, आर, आर अशी रांग, मेरोपेनेमपुढेही आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. शेवटी कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक द्यावं लागलं, त्याने क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, आम्ही दिवसरात्र लघवी किती एमएल झाली ते वहीत लिहीत बसायचो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात पूर्ण ताकदीने करा, पण कल्चर कोरं आहे, बीपी ठीक आहे, ताप जाऊन दोन-तीन दिवस झालेत, तर पेशी कधी येतात याची वाट न बघता थांबवा. हे मी मनचं सांगत नाहीये. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की किमान ७२ तास औषध झालं, पेशंट पहिल्यापासून स्थिर आहे आणि ४८ तास ताप नाही, तर न्यूट्रोफिल कितीही असोत, थांबवायचा विचार करता येतो. स्पेनमध्ये २०१७ साली 'हाऊ लाँग' नावाची ट्रायल छापून आली, १५७ पेशंट होते, ज्यांचं औषध लवकर थांबवलं त्यांचे तापाचे दिवस काही वाढले नाहीत. मग आपण अजून जुन्याच सवयीने का चालतोय?

मध्यरात्र:
दादा, तुमच्या भावाचं वाचून जीव खालीवर झाला, पण तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. माझ्या मुलीचं चौथ्या दिवशी बंद केलं होतं. कल्चर निगेटिव्ह, ताप नाही, घरी सोडलं. सहाव्या दिवशी पहाटे तिचे दात वाजायला लागले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी लागत नव्हतं. रक्तात स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला. आठ दिवस आयसीयू.

ज्याच्या अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत त्याला पू होत नाही, सूज येत नाही, न्यूमोनिया असून एक्सरे साफ दिसू शकतो, कारण ती सगळी लक्षणं पेशीच तयार करतात. ताप हा एकच निरोप येतो आणि कधी कधी तोही येत नाही. कल्चरची वाट बघत बसायची पद्धत पूर्वी होतीच की, त्यात स्युडोमोनासवाले पेशंट रिपोर्ट हातात यायच्या आत जायचे, म्हणून तर १९७१ मध्ये कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक आधीच चालू करून बघितलं आणि तिथून ही पद्धत बदलली. इतक्या जिवांची किंमत देऊन शिकलेली गोष्ट सैल का करायची? रेझिस्टन्स वाढतोय हे मलाही कळतं, २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट त्याने झाले असा अंदाज मीही वाचलाय. पण सगळ्या जगाचा हिशोब माझ्या मुलीच्या सलाइनमध्ये का घालताय? तो आधी साध्या सर्दीखोकल्याला अँटिबायोटिक देणाऱ्यांकडून वसूल करा.

ताटली:
मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. मध्यरात्र ताई, तुमचा शेवटचा मुद्दा मनाला लागला, पण तो जगाचा हिशोब नाहीये, त्याच पेशंटच्या आतड्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे रक्ताची बाटली मशीनमध्ये ठेवली की जंतू वाढताना जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो मशीन ओळखतं आणि अलार्म देतं. स्लाइड करून बघितली की गुलाबी काड्या, म्हणजे ग्राम निगेटिव्ह, लगेच वॉर्डला फोन. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या ताटलीवर क्लेब्सिएलाच्या गुलाबी चिकट वसाहती, तारेने उचलल्या की पाकासारखी तार सुटते. मग औषधाच्या चकत्या लावायच्या. जंतू ऐकणारा असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. हल्ली कितीदा तरी मेरोपेनेमच्या चकतीला चिकटून वाढ आलेली असते, गोलच नाही, आणि तो फोन करताना माझाच आवाज बसतो.

हा जंतू बहुतेकदा बाहेरून उडून रक्तात येत नाही. तो आधीच आतड्यात थोड्या संख्येने बसलेला असतो. मेरोपेनेम तिथले बाकीचे जंतू मारतं, त्यात हवेविना जगणारे जे निरुपद्रवी असतात आणि जागा अडवून ठेवतात तेही जातात, आणि जो मरत नाही त्याला सगळं रान मोकळं. पुढच्या केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलं की तोच रक्तात उतरतो. म्हणजे आज वाचवण्यासाठी दिलेले जास्तीचे दहा दिवस त्याच मुलाच्या पुढच्या तापात समोर येऊ शकतात.

आणि एक विचारू का, राग मानू नका. मुलीचं बंद केलं तेव्हा ताप जाऊन किती वेळ झाला होता?

मध्यरात्र:
राग नाही. वही काढून बघितली. ताप तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला आणि बंद केलं चौथ्या दिवशी दुपारी. म्हणजे एक दिवससुद्धा झाला नव्हता. तुम्ही म्हणता ते ४८ तास कोणी मोजलेच नाहीत. पण म्हणूनच मी म्हणते, कागदावर अट असते आणि वॉर्डात उरतं फक्त 'लवकर बंद करा' एवढंच.

रात्रपाळी:
मी कॅन्सर वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर आहे आणि मी मध्यरात्र यांच्या बाजूने आहे, निदान अर्धा तरी. लवकर थांबवा म्हणणारे ज्या मोठ्या ट्रायलकडे बोट दाखवतात ती बॅलन्स, रक्तातल्या इन्फेक्शनला ७ दिवस का १४ दिवस, ३६०० च्या वर पेशंट, ७ दिवस पुरतात असा निकाल. पण प्रतिकारशक्ती फारच कमी असलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते! म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण इथे भांडतोय त्यांनाच वगळून आलेला निकाल. स्पेनची ट्रायल चांगली आहे, पण १५७ जणांत क्वचित होणारी मोठी आपत्ती दिसेलच असं नाही.

दुसरं, रेझिस्टन्स वाचवायला म्हणून 'जरा हलकं औषध द्या' हा सल्ला पण तपासून घ्या. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला रक्तात असताना पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम का मेरोपेनेम, ही मेरिनो ट्रायल २०१८ ची. ३० दिवसांत मृत्यू हलक्या पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमवर १२.३ टक्के, मेरोपेनेमवर ३.७ टक्के. हे आकडे वाचल्यावर पहाटे तीन वाजता थरथरणारा पेशंट समोर असताना हलकं औषध लिहायला हात धजत नाही.

पायवाट:
डॉक्टर, हलकं द्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही, जोरातच सुरू करा म्हणतोय. मेरिनोमधल्या लोकांच्या रक्तात जंतू सापडला होता. मी बोलतोय ज्याच्या रक्तात काहीच सापडलं नाही आणि जो बरा दिसतोय त्याच्याबद्दल. या दोन गोष्टी एकत्र केल्या की पहिल्या दिवशीची भीती सोळाव्या दिवसापर्यंत ताणली जाते, आमच्याकडे तेच झालं.

रात्रपाळी:
हो, ते मान्य, मी दोन्ही मिसळलं. पण सोळा दिवसांच्या मेरोपेनेमनेच तुमच्या भावाचा क्लेब्सिएला आला हेही सिद्ध होत नाही, तो आधीपासून आतड्यात असू शकतो, वॉर्डातूनही आला असू शकतो, हात न धुता लाइनला हात लावणारे आमच्यातलेच असतात. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ताप यायच्या आधीपासून देऊन बघा म्हणणारेही आहेत, इटलीच्या २००५ च्या अभ्यासात ताप येणारे ८५ वरून ६५ टक्क्यांवर आले, मृत्यूत मात्र ठोस फरक दिसला नाही. आणि नवीन औषधं येतील या भरवशावर राहू नका. सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम २०१५ मध्ये आलं, तरी एनडीएम हे औषध तोडणारं एन्झाइम बनवणाऱ्या जंतूपुढे ते एकटं चालत नाही, सोबत अ‍ॅझट्रिओनाम हे आणखी एक अँटिबायोटिक लागतं.

ताटली:
डॉक्टर, 'आधीपासून असू शकतो' हे तर आधी बघता येतं ना. केमोच्या आधी रेक्टल स्वॅब, म्हणजे गुदद्वारातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, पाठवा, आम्ही सांगतो आत कोण बसलंय. नाहीतर पहिल्या तासाला मेरोपेनेम वेळेवर दिलं याचं समाधान होतं आणि जंतू त्याला दादच देत नसतो, खरा परिणाम करणारं औषध लागतं ते रिपोर्ट आल्यावर, दोन दिवसांनी. ते दोन दिवस या पेशंटकडे नसतात.

मध्यरात्र:
स्वॅबचं आम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही. हे जर आधी कळत असेल तर माझा विरोध थोडा कमी होतो, पण पूर्ण नाही. औषध बंद केल्यावर पेशंट कुठे राहणार, दर चार तासांनी ताप कोण बघणार, थंडी वाजली तर किती वेळात सुई लागणार, हे आधी फाइलवर लिहून द्या आणि मग बंद करा. आमच्या हातात नुसता थर्मामीटर देऊन घरी पाठवू नका.

पायवाट:
ताई, ही अट मला मान्य आहे, आणि मी ती मूळ धाग्यातच लिहायला हवी होती. भावाची तिसरी केमो सोमवारी आहे. स्वॅब पाठवला होता, काल रिपोर्ट आला, तोच क्लेब्सिएला आतड्यात अजून आहे. मी तो कागद फाइलच्या पहिल्या पानाला पिन केलाय आणि वर लाल पेनाने लिहिलंय, ताप आला तर मेरोपेनेमवर थांबू नका, हे बघा. रात्रीच्या सिस्टरलाही दाखवून आलो.