माजी विद्यार्थी संघाचे सदस्य व्हावे की नाही? अनुभव धागा

धागाकर्ता

गुणपत्रिका घ्यायला गेलात की खिडकीवरच माजी विद्यार्थी संघाचा फॉर्म पुढे सरकवतात. काही ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या शुल्कातच पैसे कापलेले असतात. पावती नीट वाचली नाही, तर आपण सदस्य झालो आहोत हेही कळत नाही. ज्यांनी संघ चालवले, हिशेब तपासले, नॅकचे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) कागद रचले किंवा मतदारयाद्या हाताळल्या, त्यांनी इथे लिहावे. कॅन्टीनचा चहा आणि गॅदरिंगच्या आठवणी नकोत. फॉर्म भरण्याआधी काय पाहायचे, तेवढेच लिहा. महाराष्ट्रातली विद्यापीठे आणि त्यांची संलग्न महाविद्यालये धरून चालू.

पदवीधर यादी

तीन वेगळ्या गोष्टींची इथे नेहमी सरमिसळ होते, म्हणून ती आधी सोडवतो.

पहिली, माजी विद्यार्थी संघ. ही खासगी संस्था. तिचा सदस्य झालात म्हणून कुठल्याच सरकारी किंवा विद्यापीठाच्या यादीत तुमचे नाव जात नाही.

दुसरी, विद्यापीठाचा नोंदणीकृत पदवीधर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून १० जण निवडून जातात. त्यातल्या ५ जागा राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांची प्रत्येकी एक. अर्ज थेट विद्यापीठाच्या निवडणूक विभागाकडे करायचा असतो, संघाकडे नाही. बहुतेकांची नावे इथेच गळतात. ‘मी तर आजीव सदस्य आहे’ म्हणून लोक निवांत राहतात आणि मतदानाच्या दिवशी यादीत नाव सापडत नाही. तात्पुरती यादी लागली की नाव, आडनाव आणि पत्ता तपासा आणि चूक असेल तर मुदतीत हरकत नोंदवा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला हाताशी ठेवा.

तिसरी, विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. राज्यात असे ७ आहेत. यासाठी निवडणूक आयोगाचा नमुना १८ भरावा लागतो. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाला पदवी मिळून किमान ३ वर्षे झालेली असली पाहिजेत. पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे यापेक्षा तुम्ही राहता कुठे, याला इथे महत्त्व. शिवाय ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुने नाव आपोआप पुढे येत नाही. मत पसंतीक्रमाने, म्हणजे १, २, ३ असे आकडे लिहून द्यायचे. बरोबरची खूण केली की मत बाद.

मत देता यावे एवढाच हेतू असेल, तर संघाच्या वर्गणीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

ताळेबंद

पैसे देण्याआधी पावतीवरचा नोंदणी क्रमांक पाहा. आपल्याकडे संघ बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवतात. त्याला किमान ७ सभासद लागतात. सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते, आणि हा दुसरा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्यावरून शोध घेता येतो. क्रमांकच नसेल तर तो संघ म्हणजे महाविद्यालयाची एक समिती. त्यात वाईट काही नाही, फक्त पैसे महाविद्यालयाच्या खात्यात जातात आणि सदस्य म्हणून हिशेब मागायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

नोंदणी असली तरी ती जिवंत आहे का, हे पाहावे लागते. कार्यकारिणी बदलली की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. संघ मरतात ते बहुधा इथे. निवडणूक होते, हारतुरे होतात, बदल अर्ज मात्र कोणी करत नाही. मग बँक नव्या खजिनदाराची सही स्वीकारत नाही, आणि जुना खजिनदार तोवर बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेला असतो. खात्यात पैसे असूनही धनादेश निघत नाही. म्हणून कार्यवाहांना सरळ विचारा: शेवटचा बदल अर्ज कोणत्या वर्षाचा, आणि मंजूर झाला का? उत्तराला आढेवेढे घेतले, तर वर्गणी सध्या खिशातच ठेवा.

आता आजीव वर्गणीचे गणित. १,००० सदस्यांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले, तर १० लाख जमतात. ही रक्कम कायम निधीत जायला हवी, आणि खर्च फक्त व्याजातून. ७ टक्क्यांनी वर्षाला ७०,००० रुपये येतात. २०० जणांच्या एका मेळाव्याचे जेवण, माणशी ३०० रुपये धरले तरी, ६०,००० खाते. उरलेल्या १०,००० मध्ये लेखापरीक्षण, संकेतस्थळ आणि टपाल भागवायचे. त्यामुळे मेळाव्याचे वेगळे पैसे घेणारा संघ लोभी नसतो, हिशेबी असतो. सगळे काही ‘आजीव सदस्यांना मोफत’ असेल तर ताळेबंदात कायम निधी दर वर्षी घटतो आहे का, ते पाहा.

करसवलतीबद्दल: वर्गणी ही देणगी नव्हे, तिच्यावर ८० जी (देणगीवरची आयकर वजावट) लागू होत नाही. देणगी वेगळी द्या, आणि २,००० रुपयांवर असेल तर रोखीने नको, रोखीला सवलत नाही. संस्थेने नमुना १० बीडी भरल्यावर तुम्हाला १० बीई प्रमाणपत्र मिळते. नुसत्या पावतीवर भागत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मिळतच नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे त्यानंतरच्या देणगीसाठी जुने क्रमांक पाठ करत बसू नका.

गुणवत्ता कक्ष

अचानक फोन का येऊ लागतात, ते सांगतो. नॅकच्या आजवरच्या चौकटीत पाचव्या निकषाखाली ५.४ हा मुद्दा माजी विद्यार्थ्यांचा आहे. नोंदणीकृत संघ आहे का आणि गेल्या पाच वर्षांत त्यांच्याकडून किती रक्कम आली, हे त्यात विचारतात. त्यामुळे मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की फॉर्म, फोटो आणि ‘छोटीशी देणगी’ यांची मोहीम निघते.

वर्षभर शांत आणि त्या वर्षीच जागा होणारा संघ ओळखायला सोपा: मागच्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते मागा. तिन्ही सभांची हजेरी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात दिसली तर पुढे काही विचारू नका. मात्र तज्ज्ञ समितीच्या भेटीत माजी विद्यार्थी म्हणून बोलायला बोलावले तर जरूर जा. त्यासाठी सदस्य असावे लागत नाही, आणि प्रयोगशाळेबद्दल खरे बोलायची अशी संधी सहसा मिळत नाही.

ग्रंथपाल

‘सदस्य व्हा, ग्रंथालय वापरा’ असे माहितीपत्रकात छापलेले असते. छापील पुस्तकांपुरते ते खरे असू शकते, बहुधा वेगळी अनामत भरून. ई-नियतकालिकांचे तसे नाही. प्रकाशकांचे परवाने साधारणपणे चालू विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यापुरते असतात, म्हणून उत्तीर्ण झाल्यावर लॉगिन बंद होते. ते चालू ठेवणे संघाच्या हातात नाही. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही ई-नियतकालिकांची केंद्र सरकारची योजनाही सरकारी संस्थांतल्या चालू विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांसाठी आहे. प्रबंध हवे असतील तर शोधगंगा हे प्रबंधांचे संकेतस्थळ सगळ्यांना खुले आहे.

परीक्षा विभाग

ट्रान्सक्रिप्ट, पदवी पडताळणी आणि दुय्यम गुणपत्रिका ही विद्यापीठाची कामे. संघाच्या ओळखीने ती लवकर होतील या आशेवर वर्गणी भरू नका.

विद्यापीठे विभागली गेली तिथे आणखी घोळ होतो. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झाले. त्याआधी सोलापुरात शिकलेल्यांची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणून कागदांसाठी कोल्हापूर. गोंडवाना २०११ चे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या पदवीधरांना नागपूर. संघ मात्र महाविद्यालयाचा असतो आणि तो एकच राहतो.

सातासमुद्रापार

बाहेर राहणाऱ्यांनी देणगीआधी पासपोर्टचा रंग आठवावा. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहत असाल, तर नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, तुम्ही परकीय स्रोत. मग संघाकडे २०१० च्या परकीय योगदान कायद्याची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते हवे. लहान संघांकडे ते नसते. ‘भावाच्या खात्यातून पाठवा’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, अडचणीत संघच येतो.

अमेरिकेत करवजावट हवी असेल तर तिथली ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था लागते. आयआयटी मुंबईची हेरिटेज फाउंडेशन याच कामासाठी आहे. बहुतेक राज्य विद्यापीठांच्या महाविद्यालयांसाठी अशी सोय नाही.

माजी कार्यवाह

ताळेबंद यांच्या एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. कागद अर्धवट म्हणून सगळेच बाहेर राहिले, तर ते पूर्ण करणार कोण? घटना मागून वाचा. मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाच्या सदस्याला, आणि किती महिन्यांनी? प्राचार्य पदसिद्ध अध्यक्ष आणि त्यांचेच प्राध्यापक खजिनदार असतील तर संघाला स्वतंत्र आवाज नसतो, पण सभागृह फुकट मिळते. हा सौदा पटतो का, ते तुमचे तुम्ही ठरवा.

वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही. मग सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, बहुतेक घटनांप्रमाणे गणसंख्येच्या अटीशिवाय, पुन्हा भरते. म्हणजे पंधरा माणसे वर्षाचे सगळे निर्णय घेतात. त्यातले पाच जण तुमच्या बॅचचे असले तरी पारडे फिरते.

रौप्यमहोत्सवी

बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप गट असताना संघ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. गप्पांना आणि नोकरीच्या ओळखींना गट पुरतो. पैसे गोळा करायचे झाले की पुरत नाही. पाच लाख एका मित्राच्या बचत खात्यात जमले की ते त्याचे उत्पन्न नाही हे समजावत बसायची वेळ त्याच्यावर येते, आणि देणाऱ्यांना ८० जी मिळत नाही. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात भरावे, सोबत बॅचचे एकच उद्देशपत्र द्यावे आणि संस्थेकडून लेखी पोच घ्यावी. मोठ्या देणग्याही अशाच जातात. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी जून २०२३ मध्ये जाहीर केलेले ३१५ कोटी थेट आयआयटी मुंबईला होते.

धागाकर्ता

फॉर्मबद्दल एक राहिले. आधार क्रमांक आणि जन्मतारीख द्यायची गरज नाही, पदवीचे वर्ष, शाखा आणि ईमेल पुरे. सदस्य-सूची छापणार असतील तर मोबाइल क्रमांक छापू नये असे फॉर्मवरच लिहा. नाहीतर विमा एजंटांचे फोन सुरू होतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, संमती काढून घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, अशी तरतूद आहे. फॉर्मचा फोटो काढून ठेवा, म्हणजे काय लिहून दिले होते ते नंतर दाखवता येते.