रेडिओचं लायसन्स आणि बुडालेली कंपनी

ठाकुरद्वारकर:
चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून माळा रिकामा करत होतो. पत्र्याच्या डब्यात आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं. पासबुकासारखं, आत दरवर्षीची तिकिटं आणि त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के. सगळ्यात जुना शिक्का १९६१चा. बाबा म्हणाले, आजोबा नेहमी सांगायचे, ‘आकाशवाणीच्या आधी मुंबईत खासगी कंपनी होती, ती फुकट्यांनी बुडवली.’ खरं का हे? कुठली कंपनी? आणि घरात बसून रेडिओ ऐकायला लायसन्स कशाला?

दादरवाला:
इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झालं, महिन्याभराने कलकत्ता. तीन वर्षं व्हायच्या आत दिवाळं. कारण सोपं आहे, सेट महाग आणि ऐकणारे मूठभर. लायसन्स न काढता ऐकणारे फुकटे वगैरे दंतकथा.

व्हॉल्वमास्तर:
दादरवाले, तारखा बरोबर, पण फुकट्यांना दंतकथा म्हणू नका. माझं आयुष्य त्यांच्यात गेलं. लॅमिंग्टन रोडला बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे मीच बसायचो.

आधी कंपनीचा हिशोब बघा. भांडवल १५ लाखांचं ठरलेलं, जमले ६ लाख. त्यातले साडेचार लाख दोन स्टेशनं उभी करण्यातच गेले. उरलेल्या दीड लाखात गवई, साजिंदे, इंजिनीअर, पगार, सगळं. ट्रान्समीटर दीड किलोवॉटचे, तीसेक मैलांपर्यंत ठीक, कल्याण ओलांडलं की तुमचं नशीब. कमाईच्या वाटा दोन. लायसन्स १० रुपयांचं, त्यातले ८ कंपनीला. दुसरं म्हणजे बाहेरून येणाऱ्या सेटच्या किमतीवर १० टक्के. १९२९ संपताना अख्ख्या देशात लायसन्सं आठ हजारांच्या आत. बरं, पुरे आठ हजार धरा. वर्षाचे चौसष्ट हजार झाले. त्यात दोन स्टेशनं चालवायची! तेव्हा एकट्या मुंबईची वस्ती साडेअकरा लाखांच्या घरात होती हो.

१ मार्च १९३०ला कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली. एप्रिलपासून सरकारने चालवायला घेतली, पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात तेही बंद करायचा हुकूम निघाला, सेटचे व्यापारी आणि ऐकणारे बोंबलले, नोव्हेंबरात हुकूम मागे. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६चं.

आता फुकटे. कायद्यातच भोक होतं. १८८५चा तार कायदा यंत्र चालवणाऱ्याला धरायचा, नुसतं घरात ठेवणं हा गुन्हा नव्हता. म्हणजे सेट सापडला तरी माणूस सांगणार, शोभेला ठेवलाय साहेब. हे भोक बुजवलं १९३३च्या वायरलेस कायद्याने, आणि तो लागू झाला जानेवारी १९३४पासून. मग विनालायसन्स सेट बाळगणं हाच गुन्हा ठरला. तोवर कंपनीचं तेरावं उरकलेलं. त्यात क्रिस्टल सेट घरीच व्हायचा. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेची कॉइल, गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला हेडफोन. ना बॅटरी, ना वीज. कोण कुणाला धरणार?

कायदा आल्यावरही आमच्या लोकांच्या युक्त्या संपल्या नाहीत. बाबा सेटचं मागचं झाकण उघडण्याआधी पुस्तक मागायचे. ‘मेहुण्याकडे राहिलं’, ‘पोस्टात दिलंय’. एक गृहस्थ सेट दुपट्यात गुंडाळून आणायचे, वाटेत कुणी बघितलं तर तान्हं मूल वाटावं म्हणून! चाळीत तर गॅलरीभर एरियलची तांब्याची जाळी ताणलेली आणि आत म्हणे रेडिओच नाही.

पण पुस्तक असून मीही एकदा जादा पैसे भरलेत. पोस्टातल्या एका कारकुनाने शिक्का इतका पुसट मारला की साल वाचता येईना. पुढच्या वर्षी दुसऱ्याने सरळ थकबाकी लावली. भिंगातून शिक्का दाखवला तर म्हणतो, भिंग सरकारी नाही. असो.

ठाकुरद्वारकर, पुस्तकात कुठे सेटची मेक आणि नंबर लिहिलाय का बघ. माळ्यावर सेटही असेल. विकायची घाई करू नकोस.

कुलाबाकर:
कंपनीच्या आधीचा एक धागा मुंबईत अजून आहे. जून १९२३मध्ये इथल्या रेडिओ क्लबने हौसेखातर प्रक्षेपण केलं होतं. गेटवेपासून समुद्राच्या कडेने चालत गेलं की तो क्लब लागतो, ज्याच्याजवळच्या जेट्टीवरून २०२५मध्ये वाद झाला तोच. आज तिथे लोक जेवायला जातात, नावात रेडिओ कशाला हे बहुतेकांना विचारावंसंही वाटत नाही.

दादरवाला:
मास्तर, १९३३च्या कायद्याचं मान्य. पण सेट महाग होते हेही धराच. आठ हजारांच्या जागी सोळा हजारांनी प्रामाणिकपणे पैसे भरले असते तरी सव्वा लाखच होतात.

व्हॉल्वमास्तर:
ते खरं. नुसत्या फुकट्यांनी बुडवली असं मीही म्हणणार नाही. पण आजोबा अगदीच खोटं बोलत नव्हते.

ठाकुरद्वारकर:
मास्तरकाका, बघितलं. पहिल्याच पानावर मर्फी, खाली नंबर. सेटही सापडला, पाठीवर तोच नंबर. बाबांना दाखवला तर खुश.
फक्त एक गडबड आहे. पुस्तकात सेट एकच आहे. मर्फीच्या मागे, जुन्या धोतरात गुंडाळलेला अजून एक निघाला. फिलिप्स. बाबा म्हणतात, तो त्यांनी जन्मात पाहिलेला नाही.